घटस्थापना ते त्रिपुरी पौर्णिमा: परभणीहून येणाऱ्या आई-बाबांना मुंबईत काय दाखवू?

ऐरोलीची_लेक

नमस्कार मंडळी. माझे आई-बाबा यंदा पहिल्यांदाच नवरात्र आणि दिवाळी दोन्ही आमच्याकडे करणार आहेत. अधिक महिन्यामुळे सगळंच लांबलंय, घटस्थापना ११ ऑक्टोबरला आहे. पितृपक्षात बाबा घराबाहेर पडणार नाहीत, त्यामुळे सर्वपित्रीच्या रात्री देवगिरीत बसून घटस्थापनेच्या सकाळी ठाण्याला उतरतील. परत जायचं म्हणतात १२ नोव्हेंबरला, भाऊबीज झाली की.

आई देवीची भक्त आहे. घट घरीच बसवणार, माती आणि सप्तधान्य तिकडून घेऊन येणार आहे. बाबा निवृत्त शिक्षक. गुडघे दुखतात, पन्नास पायऱ्या चढले की बसावं लागतं, पण सपाट रस्त्यावर तासभर चालतात. मुलगी आठ वर्षांची आहे आणि एका जागी बसत नाही.

मॉल, तिकिटाचा दांडिया, सेलिब्रिटी येतात ती मैदानं हे नको. हे शहर आपले सण कसे करतं, ते आई-बाबांना बघायला मिळावं एवढीच इच्छा आहे. आम्ही दोघं नोकरी करतो, म्हणून रविवार आणि दोन-चार रजा एवढंच हातात आहे. गाडी नाही, लोकलनेच फिरायचं. बाबांना लोकलची धास्ती आहे, त्याचंही काही सुचवा.

---

लेडीज_फर्स्टक्लास_नाही

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि हातातली भाजी तशीच ठेवून लिहायला बसले. मी डोंबिवलीची. नोकरीची सगळी वर्षं फोर्टला जाऊन-येऊन केली, आता निवृत्त आहे. मुंबईतले सण मी देवळांपेक्षा जास्त लोकलच्या डब्यात आणि स्टेशनबाहेर पाहिले आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

दसऱ्याच्या आधीच्या कामाच्या दिवशी आई-बाबांना सकाळी एखाद्या मोठ्या स्टेशनावर नुसतं फलाटावर उभं करा. ठाणं तुम्हाला जवळ आहे. त्या दिवशी रोज एकाच गाडीने जाणारे ग्रुप आपापला डबा सजवतात. दारांना झेंडूची तोरणं, खिडक्यांना पताका, आत देवीची तसबीर, हार, उदबत्ती. मोटरमनच्या केबिनला हार घालतात आणि त्याला पेढा देतात. लेडीज डब्यात तर त्या दिवसाच्या रंगाच्या साड्याच साड्या. (नऊ दिवसांचे नऊ रंग ही काही जुनी रीत नाही, वर्तमानपत्रामुळे रुळली. पण एका रंगाच्या साडीत शिपाई आणि साहेब शेजारी उभ्या असतात, म्हणून मला ती फार आवडते.) आम्ही हळदीकुंकू करायचो, आरती म्हणायचो, आणि कुर्ला येईपर्यंत प्रसाद सगळ्या डब्यात फिरलेला असायचा. ज्या यंत्राच्या जिवावर आपलं घर चालतं त्याची पूजा खंडेनवमीला करतात, हे तुमच्या बाबांना वेगळं सांगावं लागणार नाही. या शहराचं ते यंत्र लोकल आहे. गर्दीच्या वेळी त्यांना गाडीत मात्र चढवू नका. बघायचं फलाटावरून.

लोकलच्या धास्तीवर उपाय साधा आहे. ऐरोलीहून ठाण्याला सकाळी दहानंतर या. ठाण्याहून सुटणारी धीमी गाडी पकडा. गाडी रिकामी लागते, शांतपणे चढता येतं, खिडकी मिळते. वेळ जास्त लागतो, लागू दे. ठाण्याला सरकते जिने आणि लिफ्ट आहेत. परतताना चारच्या आत निघा, नाहीतर सरळ रात्री साडेनऊनंतर. मधल्या वेळात ज्येष्ठांना घेऊन दादरला चढायचा प्रयत्नही करू नये.

दुसरी जागा दादरचा फूलबाजार. पश्चिमेला, स्टेशनबाहेरच. ऐन दसऱ्याच्या पहाटे नको, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. नवरात्रातल्या रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास पोचा. शेवंती, झेंडू, तगर, गुलाब यांचे ढीग तर आहेतच, पण खरं बघायचं ते रस्त्याच्या कडेला. शहापूर, कसारा, जव्हार या बाजूंच्या बायका रानातला माल घेऊन बसतात. दसऱ्याच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत त्यांच्याकडे भाताच्या लोंब्या, आंब्याचे टाळे, आपट्याच्या फांद्या येतात. लोंबी, आंब्याचं पान आणि झेंडू एकत्र गुंफलेलं तोरण आईंना नक्की आवडेल. तुमच्याकडे ज्वारीची कणसं दिसतात, इथे भात. त्या बायकांशी घासाघीस करू नका, त्या रात्री निघालेल्या असतात.

आपटा घेताना पान बघून घ्या. आपट्याच्या नावाखाली कांचनाची पानं सर्रास विकतात. कांचनाचं पान मोठं आणि पातळ, आपट्याचं लहान, जाडसर, चरबट. आणि एकच डहाळी घ्या. दरवर्षी या एका दिवसासाठी झाडं ओरबाडली जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. एक पान देऊनही सोनं लुटता येतं.

देवीसाठी महालक्ष्मी असं सगळेच सांगतील. जाच, समुद्राकाठचं देऊळ आहे, महाकाली, महालक्ष्मी, महासरस्वती तिघी शेजारी शेजारी आहेत. पण नवरात्रात रांग तासन्‌तास हलत नाही. बाबांच्या गुडघ्यांसाठी मी म्हणेन की महालक्ष्मीला दसरा आणि कोजागिरी यांच्या मधल्या एखाद्या दिवशी जा आणि नवरात्रात कल्याणला दुर्गाडीवर या. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली, त्यानंतर खाडीवर हा किल्ला उभा राहिला. मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात या खाडीतून झाली. निवृत्त शिक्षकाला उभं करून दाखवावी अशी जागा आहे. वर दुर्गादेवी, खाली जत्रा: पाळणे, बत्तासे, लाकडी खेळणी, मुलीला हवं ते सगळं. चढ थोडा आहे, थांबत थांबत होतो. सकाळी जा, संध्याकाळी कल्याणकर सगळे तिथेच असतात.

भोंडला मात्र तिला बघायला नेऊ नका, करायला न्या. आमच्या इमारतीत अजून होतो. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, गाणी संपली की झाकलेली खिरापत ओळखायची. आठ वर्षांची मुलगी खिरापत ओळखण्याच्या नादात तासभर एका जागी थांबते, मी बघितलंय. तुमच्या सोसायटीत होत नसेल तर आई येताहेतच, त्यांना गाणी येत असणार. चार मुली जमवा आणि करा. खर्च फक्त खिरापतीचा.

दिवाळीचं दुसऱ्या प्रतिसादात लिहिते, हा फार लांबला.

---

मरोळ_गावठाण

वर सगळे नवरात्रापासून सुरू करताय, म्हणून एक आधीचं सांगतो. आम्ही ईस्ट इंडियन, मुंबईचे मूळचे ख्रिस्ती, घरात बोलतो ती मराठीच. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमचा आगेरा असतो. यंदा ४ तारीख. भाताच्या कापणीचा सण. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, फादर आशीर्वाद देतात आणि मिस्सा संपली की प्रत्येक घराला थोड्या लोंब्या मिळतात. बायका लुगडं नेसून, दागिने घालून येतात, बँड असतो. मरोळला, कुर्ल्याला, तिकडे गोराई-उत्तनला करतात. आमच्याकडे आता शेत उरलं नाही. माझ्या आजोबांचं शेत होतं तिथे आज कंपन्यांच्या इमारती आहेत. लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात. तरी आणतो. जमीन गेली म्हणून सण सोडून द्यायचा, हे आम्हाला पटत नाही.

तुमचे आई-बाबा तेव्हा नसतील, पण तुम्ही मुलीला घेऊन या. चर्चच्या दारात कुणी जात विचारत नाही, धर्म विचारत नाही. मिस्सा चालू असताना मागे शांत बसायचं, फोटो नंतर काढायचे. नंतर जेवण असलं तर फुगे खाऊन बघा, मैद्याच्या आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे. मुलांना रश्श्याशिवायही चालतात.

आणि वेळ असेल तर त्याआधी वांद्र्याची जत्रा. ८ सप्टेंबर हा मेरीमातेचा जन्मदिवस, त्यानंतरच्या रविवारी सुरू होते आणि आठवडाभर चालते. कोळी लोक तिला मोत माउली म्हणतात. मेणाचे हात, पाय, घर, बाळ असं जे हवं त्याच्या आकाराची मेणबत्ती मिळते. हातपाय दुखत असतील तर मेणाचा हातपाय वाहायचा. बाबांच्या गुडघ्यांसाठी तुम्हीच एक पाय वाहून या.

---

ऐरोलीची_लेक

मरोळ_गावठाण, तुमचा प्रतिसाद मी मुलीला वाचून दाखवला. ४ तारखेला येतोय. लोंब्या मिळाल्या तर आईच्या घटाशेजारी ठेवीन, चालेल ना?

---

मरोळ_गावठाण

चालेल म्हणजे काय, आनंदच आहे. नवं धान्य आहे, देवापुढेच ठेवायचं असतं.

---

खारचा_जावई

माझी सासुरवाडी बंगाली, म्हणून एवढ्या एका गोष्टीबद्दल लिहितो. सप्तमी ते दशमी या चार दिवसांतला एक दिवस बंगाली पूजेला ठेवाच. शिवाजी पार्कला बेंगॉल क्लबची पूजा असते, सपाट मैदान, बसायला खुर्च्या, बाबांना सोयीची. खारला रामकृष्ण मठातली शांत असते. अष्टमीला तिथे कुमारी पूजा होते, लहान मुलीला देवी मानून पूजा करतात. तुमच्या लेकीला हे दाखवा.

आईंना एक गोष्ट मुद्दाम दाखवायची. गणपतीच्या शेजारी लाल काठाची साडी नेसवलेलं केळीचं रोप उभं असतं. लोक तिला गणपतीची बायको समजतात, पण ती नवपत्रिका. केळ, हळद, बेल, डाळिंब, भात अशा नऊ वनस्पती एकत्र बांधून सप्तमीच्या सकाळी न्हाऊ घालतात आणि साडी नेसवतात. घटाच्या मातीत धान्य पेरणाऱ्या बाईला यात काय आहे ते समजावून सांगायची गरज पडणार नाही. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा ती मोठी मूर्ती सोडून या रोपापुढेच हात जोडून उभी राहिली होती.

संध्याकाळच्या आरतीला ढाक वाजतो आणि नारळाच्या शेंड्या पेटवलेली धुनुची हातात घेऊन लोक नाचतात. धूर खूप होतो, बाबांना दम्याचा त्रास नसेल तरच थांबा. दुपारी भोगाची खिचडी, लाबडा म्हणजे मिश्र भाजी आणि टोमॅटोची गोड चटणी मिळते. किती वाजता आणि कूपन लागतं का, हे मंडपातच विचारा. बंगाली पंचांगाची दशमी आपल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येऊ शकते, तेव्हा तारखा मंडपाच्या फलकावरच्याच धरा. आणि आपल्या दसऱ्याला संध्याकाळी दादरच्या बाजूला फिरकू नका, सभेची गर्दी असते.

---

लेडीज_फर्स्टक्लास_नाही

खारचे जावई, नवपत्रिकेचं वाचून फार बरं वाटलं. मी ती साडीतली केळ कितीदा पाहिली आणि गणपतीची बायको म्हणूनच नमस्कार केला.

आता दिवाळी. यंदा पहिली अंघोळ आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आहेत, रविवारी ८ नोव्हेंबरला. रविवार असल्यामुळे सगळीकडे गर्दी दुप्पट.

आधी कंदील. दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी माहीमच्या कंदील गल्लीत जा, माटुंगा रोड स्टेशनवरून चालत. संध्याकाळी गेलात तर सगळी गल्ली पेटलेली दिसते. तयार कंदील भरपूर मिळतील, पण माझं ऐका, कामट्यांचा साधा सांगाडा आणि पतंगी कागद घेऊन घरी या. खळ घरी करा. बाबांच्या पिढीतल्या बहुतेकांना षट्कोनी कंदील बांधता येतो, शिक्षकांना तर येतोच येतो. नातीला कागद कापू द्या, झिरमिळ्या चिकटवू द्या. मुंबईत आजोबांना दिवसभर करायला काही नसतं, ही प्रत्येक घरातली गोष्ट आहे. त्यांचे चार दिवस या कामात छान जातील. मग किल्ला आहेच. माती आणि पोती खालच्या नर्सरीत मिळतात, आळीव आधी पेरले की दिवाळीपर्यंत हिरवळ येते.

माहीमहून येताना दादरला छबिलदासच्या गल्लीत आयडियलमध्ये बाबांना अर्धा तास सोडा. दिवाळी अंकांची चळत बघून त्यांचे गुडघे दुखायचे थांबतील. १९०९ मध्ये मासिक मनोरंजनने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्या लोकांची दिवाळी छापील कागदाशिवाय पुरी होत नाही.

आणि पहिल्या अंघोळीच्या सकाळी आमच्या डोंबिवलीला या, फडके रोडला. स्टेशनच्या पूर्वेकडून गणेश मंदिरापर्यंतचा रस्ता. तिकीट नाही, आमंत्रण नाही. फराळ करून, नवे कपडे घालून लोक नुसते एकमेकांना भेटायला येतात. शाळा सोडून वर्षं झालेली मुलं-मुली त्या एका सकाळी रस्त्यावर भेटतात. परदेशी गेलेले सुट्टी काढून त्यासाठी येतात. माझ्या वर्गातल्या मैत्रिणी मला अजून तिथेच भेटतात, फोन न करता. मुंबईच्या परिसरात दिवाळीची माझ्यासाठी याहून मोठी जागा नाही.

---

तलावपाळी

डोंबिवलीच्या काकूंचा मान राखून सांगतो, फडके रोड आता ज्येष्ठांना न्यावा असा राहिलेला नाही. साडेआठनंतर माणूस ढकलला जातो, प्रत्येकाच्या हातात मोबाईल, स्पीकरच्या आवाजात शेजारच्याचं ऐकू येत नाही. ठाण्याला राम मारुती रोडची तीच गत. त्यापेक्षा एखाद्या नाट्यगृहातली दिवाळी पहाट बघा, बसून दोन तास गाणं ऐकता येतं. गडकरी रंगायतन, पार्ल्याचं दीनानाथ, दादरचं शिवाजी मंदिर, यांच्या खिडकीवर पंधरा दिवस आधी चौकशी करा.

---

लेडीज_फर्स्टक्लास_नाही

तलावपाळी, साडेआठनंतरचं तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, मीही तेव्हा घरी परतलेली असते. म्हणून वेळ सांगते. पहाटे साडेपाचला गणेश मंदिरात पोचायचं, गणपतीचं दर्शन घ्यायचं, तिथून उलट स्टेशनच्या दिशेने चालायला लागायचं. साडेसहा-सातला रस्ता भरतो पण चालता येतो, मागच्या पिढीची माणसं त्याच वेळेला भेटतात. साडेसातला परतीच्या गाडीत. रिक्षा त्या सकाळी आत येत नाही, पण अंतर बाबांच्या तासाभराच्या चालण्यात सहज बसतं. ऐरोलीहून एवढ्या पहाटे जमत नसेल तर आदल्या रात्री डोंबिवलीत कुणाकडे मुक्काम करा. गाण्याचा कार्यक्रम पाडव्याला ठेवा, म्हणजे दोन्ही होईल.

---

ऐरोलीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. कंदिलाचं ऐकल्यावर म्हणाले, कामट्या विकत कशाला, मी घेऊन येतो. आईचा प्रश्न वेगळाच: त्रिपुरी पौर्णिमेला तिकडे नदीवर दिवे सोडतो, मुंबईत कुठे सोडायचे? ती २४ नोव्हेंबरला आहे आणि तिकीट १२ चं.

---

लेडीज_फर्स्टक्लास_नाही

मग तिकीट पुढे ढकला. वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव हे त्याचं उत्तर आहे. देवळांच्या मधोमध दगडी पायऱ्यांचा तलाव, १७१५ मध्ये रामा कामत यांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. त्रिपुरीच्या संध्याकाळी सगळ्या पायऱ्यांवर पणत्या लावतात, आरती होते. बाबांना खाली उतरायला लावू नका, वरच्या पायरीवर बसले की पूर्ण तलाव दिसतो. पाच वाजताच जागा धरा. वस्तीची जागा आहे, गल्ल्या अरुंद आहेत, टॅक्सी जरा अलीकडेच सोडा. आईंना म्हणावं, द्रोण सोबत आणा, पण पाण्यात सोडण्याआधी तिथल्या लोकांना विचारा. त्यात मासे आणि बदकं आहेत.

आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे २५ तारखेच्या देवगिरीचं सप्टेंबर संपता संपता. सकाळी आठला बसा आणि खालचाच बर्थ मागा.